कोणाच्या पैशाने बोलायचं

बाई, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली की शाळेतल्या नव्या शिक्षकांना तुम्ही कोण होतात हेही ठाऊक नाही. तरी चिडले आहे. राग तुमच्यावर थोडा आणि दुसऱ्यांवर जास्त आहे, हे मलाही कळतं. पण ती दुसरी माणसं भेटली की फार गोड बोलतात, चहा मागवतात, माझं म्हणणं मान हलवत ऐकून घेतात. समोरचा असा मऊ निघाला की राग टेकवायला जागाच सापडत नाही. तुम्ही कधी गोड बोलला नाहीत. म्हणून तुमच्याशी बोलते.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून तुम्ही दुपारी घरी यायचात, पदर खोचून ओट्यावरची भांडी बाजूला सारायचात आणि तिथेच पाक्षिकाचा अंक मांडायचात. चार पानांचं पाक्षिक. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या बाया, धुणीभांडी करणाऱ्या, चांदवडकडे कांदा निवडायला जाणाऱ्या, यांच्यासाठी काढलेलं आणि बरंचसं त्यांनीच सांगितलेलं. एका शेगडीवर कणकेची खळ शिजतेय, दुसरीवर आमटी. मी आणि कॉलनीतल्या दोघी-तिघी मुली जमिनीवर बसून अंकांवर पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवतोय, आणि तुम्ही आमटी ढवळता ढवळता मागे न बघता म्हणताय, "पट्टी तिरकी गेली तरी चालेल, पण गावाचं नाव झाकू नका गं." त्या अंकांना आमटीचा वास यायचा. "जयभीम बाई" म्हणत कुणी ना कुणी दारात उभी असायचीच. तिला आधी पाणी, मग पाट, आणि मग तुमचा ठरलेला प्रश्न, "हां, आता बोल. काय झालं ते सांग, काय वाटलं ते नंतर."

मी लिहिलेली पहिली बातमी तुम्ही माझ्या तोंडावर फेकली होती. खरंच फेकली नव्हती, पण मला तसंच आठवतं. अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर एका बाईची बोटं गेली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला लिहिता येतं असा माझा समज होता. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि विचारलंत, "बिचारी कोण?"

"ती बाई. जिची बोटं गेली."

"तिने सांगितलं तुला, मी बिचारी आहे म्हणून?"

"नाही, पण..."

"मग तू कोण तिला बिचारी करणारी? ती काय म्हणाली ते लिही. मशीनला जाळी नव्हती ते लिही, मालकाचं नाव लिही. रडायचं असेल तर घरी जाऊन रड, माझ्या अंकात नको."

मी घरी जाऊन रडलेच. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही तुमची लेडीज सायकल माझ्यापुढे उभी केलीत. हँडलला नवी घंटी बसवलेली. म्हणालात, "माझे गुडघे संपले. तुझे शाबूत आहेत. सातपूरला जा आणि त्या बायांना विचार, मोरीला कडी का नाही." मी गेले. बल्ब बनवायच्या कारखान्यात बायांच्या मोरीला आतून कडीच नव्हती. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची, आणि दार धरायला गेलेलीचा वेळ सुपरवायझर पगारातून कापायचा. तुम्ही तेवढंच छापलंत, कारखान्याच्या नावासकट, पहिल्या पानावर. पुढचा अंक निघायच्या आत कडी बसली. बायका पेढे घेऊन आल्या होत्या, आणि एकजण म्हणाली, "बाई, आज मी आत नुसतीच उभी राहिले. कडी लावून. उगाच." आपण किती हसलो होतो.

मग ते साड्यांचे व्यापारी आले. मेनरोडला मोठं दुकान, दानधर्माचं नाव. तुमच्या स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर ते बसलेत, गुडघ्यावर हात ठेवून, आणि नम्रपणे सांगताहेत की तुमच्या अंकाचा कागद, छपाई, टपाल, सगळं ते करायला तयार आहेत, हवी तितकी वर्षं. फक्त त्यांच्या आईचा एक छोटा फोटो वर कोपऱ्यात असावा. आणि व्यापारी मंडळींबद्दल उगाच कडू काही येऊ नये. तुम्ही चहा त्यांच्यापुढे ठेवलात आणि विचारलंत, "तुमच्या दुकानातल्या मुलींना बसायला स्टूल आहे का हो?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "गिऱ्हाईक समोर असताना बसणं बरं दिसत नाही, बाई."

"मग माझ्या अंकात तुमच्या आईंचा फोटोही बरा दिसणार नाही."

ते उठले. चहा तसाच राहिला. आम्ही मुली दाराआड उभ्या होतो. कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सांगत फिरले, वर्तमानपत्राच्या कचेरीत, कॉलेजातल्या भाषणांत, नव्या मुलींना शिकवताना. गोष्ट इथे संपवायची, म्हणजे छान संपते. पुढचं मी कधी सांगितलं नाही.

पुढचं असं की तुमचा फंड त्या अंकात गेला, गुडघ्यांचं ऑपरेशन राहिलं, आणि एका सकाळी तुम्ही खळ शिजवलीच नाहीत. "पुढचा अंक नाही," एवढंच म्हणालात आणि वाटाणे सोलायला बसलात. त्यानंतर महिनाभराने सातपूरहून एक बाई आली होती, आठवते? गरोदर होती म्हणून कामावरून काढलेली. तुम्ही तिला पाणी दिलंत, पाट दिला, तिचं सगळं ऐकलंत आणि मग म्हणालात, "आता अंक निघत नाही गं." ती उठली, जयभीम म्हणाली आणि गेली. बाई, ती कुठे गेली? तुम्ही त्या व्यापाऱ्याला नाही म्हणालात याचा मला अभिमान वाटत होता, अजूनही वाटतो. पण त्या बाईच्या पदरात त्या अभिमानातलं काय पडलं? पैसे देणाऱ्याला स्टुलाचं विचारणारं तोंड तुमचं होतं, आणि ते बंद पडलं, आणि त्याच्या दुकानातल्या मुली उभ्याच राहिल्या. मला याचाच राग येतो. तुम्ही आम्हाला नाही म्हणायला शिकवलंत. नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी अंक कसा काढायचा, हे नाही शिकवलंत.

मी दैनिकांत नोकरी केली. बरीच वर्षं. जिल्ह्याच्या पानावर द्राक्ष महोत्सव, नेत्यांचे वाढदिवस आणि जाहिरातदारांचे सत्कार लावत बसले. मग सोडली, आणि चौघांनी मिळून एक छोटा गट काढला. हरसूल, पेठ, सुरगाणा या डोंगरपट्ट्यातल्या बायांच्या बातम्या, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच तोंडून, मोबाइलवर बघता येतील अशा छोट्या फिल्मा. हरसूलची एक बाई आमची बातमीदार. दोन मुलांची आई, हंगामात द्राक्षबागेत आणि पॅकहाउसमध्ये मजुरीला जाऊन आलेली, डोकं भयंकर तापट. पहिल्याच दिवशी तिने कॅमेरा उलटा धरला आणि मी हसले तर म्हणाली, "हसू नको ताई, शिकते मी. तू कधी कुदळ धरलीस का?" आम्ही तिला हरसूलकरीण म्हणायचो, आणि तिला ते आवडायचं.

अशा बातम्यांना जाहिरात कोण देणार? ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसा नाही त्यांना कोण काय विकणार? तेव्हा मुंबईच्या एका फाउंडेशनने आम्हाला शोधून काढलं. समाज बदलणाऱ्या माध्यमांना बळ द्यायचं, असं त्यांचं त्या वर्षीचं ब्रीद होतं. मी पैसे घेतले, बाई. तुमचा चेहरा डोळ्यांसमोर असताना घेतले, आणि मनात म्हटलं, बघा, मी बंद पडू देणार नाही. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला सगळं सोन्यासारखं वाटलं. हरसूलकरणीला आयुष्यात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला. आम्ही सणाला सुट्टी दिली. आजारी पडलं तर पगार न कापता घरी बसता यायचं. तुम्हाला सांगते, खरी बातमी करायला धाडस लागतं असं लोक म्हणतात, पण त्याच्या आधी घरात डाळ-तांदूळ लागतो. भुकेल्या माणसाचं धाडस दोन अंकांपुरतं असतं.

मग हळूहळू सुरू झालं. फाउंडेशनची मॅडम यायची. वयाने लहान, मनाने चांगली मुलगी, चुकत का होईना पण हट्टाने मराठी बोलणारी. तिच्याबरोबर पाहुणे यायचे आणि पाड्यावर जाऊन नाचणीची भाकरी खायचे, फोटो काढायचे. मॅडम म्हणायची, "ताई, फिल्म छान आहे, पण शेवट थोडा आशादायक करू या का?" म्हणायची, "थोडं म्युझिक घातलं तर? लोकांना आतून हललं पाहिजे." पाण्यासाठी दरीत उतरणाऱ्या बाया आमच्या फिल्ममध्ये सरपंचाला शिव्या देत होत्या. त्या शिव्या गेल्या आणि बासरी आली. मला तुमची आठवण झाली, आणि मी बासरी राहू दिली. दर वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षाचं काय, याची धास्ती. किती लोकांनी पाहिलं, किती मिनिटं पाहिलं, पाहून त्यांच्यात काय बदल झाला. बाई, मोरीला कडी बसली याचा आपण कसा हिशोब दिला असता? ती आत उगाच उभी राहिली, हे कुठल्या रकान्यात भरलं असतं?

आणि मग पिंपळगाव बसवंतच्या बाजूला ती गळती झाली. हंगाम ऐन भरात होता. द्राक्षं निवडून, पेट्या भरून परदेशी पाठवायचं एक मोठं पॅकहाउस, त्याला लागूनच कोल्ड स्टोरेज. थंडाव्यासाठी अमोनिया वायू वापरतात, त्याचा पाइप भर दुपारी फुटला. हॉलमध्ये सगळ्या बाया, बहुतेक हरसूल-पेठकडून मुकादमाने आणलेल्या. वायू आला तो मोठ्या दाराच्या बाजूने. मागे संडासांकडे जाणारं दुसरं दार होतं. बाया सारख्या बाहेर जातात, कामाचा खोळंबा होतो, म्हणून त्या दाराला बाहेरून कडी घातलेली. तुमच्या वेळी आतून कडी नव्हती, बाई. आमच्या वेळी बाहेरून होती.

बायांनी प्लास्टिकचे क्रेट मारून खिडकीच्या काचा फोडल्या आणि एकमेकींना ओढून बाहेर काढलं. हरसूलकरणीची भावजय आत होती. ती बाहेर पडली होती, पण एक मुलगी आत राहिली म्हणून परत वळली. मुलीला तिने खिडकीपर्यंत आणलं आणि मग स्वतः खाली बसली. डोळे जळले. एक डोळा कायमचा गेला, दुसऱ्याने धुरकट दिसतं. मालकांनी सगळ्यांना खासगी दवाखान्यात नेलं, आणि फरशी पुसायचं औषध सांडलं म्हणून सांगा, असं बजावून दोन दिवसांनी टेम्पोत घालून गावी पाठवून दिलं. वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. किरकोळ गळती, जीवितहानी नाही.

आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा भावजय ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांवर ओलं फडकं. नवरा दारात उभा राहून सांगत होता, "नको ताई, मुकादम परत नेनार नाय आमाला. त्याचं मानूस कालच येऊन गेलं." हरसूलकरीण भावाशी भांडायला उठली, तेवढ्यात आतून आवाज आला.

"त्याला काय इचारता? डोळा माझा गेलाय."

मी म्हटलं, "वहिनी, तुमचं तोंड झाकून दाखवू. आवाज बदलता येतो."

"कशाला झाकायचं? मी चोरी केली का?" तिने फडकं काढलं. "दाराला कडी बाहेरून होती. आमी लय आवाज दिला. कुनी उघडली नाय. हे असंच दाखव. बाजा नको लावू मागं."

तिने आमची पाण्याची फिल्म पाहिलेली होती.

फिल्म तयार झाली आणि मी मॅडमला पाठवली, रिवाजाप्रमाणे. संध्याकाळच्या आत फोन. आवाज उतरलेला. "ताई, थोडं थांबाल का? आमचे एक विश्वस्त आहेत, त्यांची त्या पॅकहाउसच्या कंपनीत भागीदारी आहे. मी तुम्हाला हे सांगायला नको होतं." मग ते विश्वस्तच नाशिकला आले. गंगापूर रोडच्या एका हॉटेलात आम्हाला जेवायला बोलावलं. पांढरे केस, खादीचं जाकीट, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. म्हणाले, "बातमीत आम्ही कधीच हात घालत नाही. ते आमचं तत्त्व आहे. प्रश्न फक्त वेळेचा आहे. हंगाम संपू द्या. परदेशातले खरेदीदार असं काही पाहिलं की अख्ख्या जिल्ह्याचा माल नाकारतात. नुकसान शेवटी कोणाचं? याच बायांचं."

मी म्हटलं, "हंगाम संपल्यावर बाया गावी असतात आणि पॅकहाउसला कुलूप असतं. तेव्हा दाखवून उपयोग काय?"

"उपयोग कसा नाही? सुरक्षिततेवर आपण एक सुंदर मालिका करू. उपायांवर. नुसता दोष दाखवून समाज बदलत नाही, ताई. तिथे इतक्या बायांना रोजगार मिळतो, तेही दाखवा की."

हरसूलकरीण ताटातलं पनीर बोटाने बाजूला सारत होती. ती एकदम म्हणाली, "रोजगार तुमी दिला म्हनून दाराला कडी बी तुमीच घालनार का? आनि आमी वरडायचं ते बी तुमालाच इचारून?" आणि ती रडायला लागली, संतापाने, जेवण तसंच टाकून. मॅडम टेबलाकडे बघत बसली. विश्वस्तांनी वेटरला खूण करून पाणी मागवलं. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, थोडा दुखावलेला, मुलांनी घराची शिस्त मोडावी तसा. बाई, तुमच्या व्यापाऱ्याने निदान आपली अट चहाच्या आधी सांगितली होती. यांनी तीन वर्षं पगार दिला, सुट्ट्या दिल्या, आमची घरं त्या पगारावर उभी राहू दिली, आणि मग अट सांगितली.

आम्ही फिल्म दाखवली. तुमच्यासारखं ताठ मानेने नाही. आठवडाभर आपसात भांडून. आमचा कॅमेरावाला म्हणत होता की गट जगला तर अजून शंभर गोष्टी दाखवता येतील. त्याचं चुकीचं नव्हतं, मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. शेवटी हरसूलकरणीने विचारलं, "मग वैनीला काय सांगू? थांब म्हनू? डोळा थांबला का?" आणि आम्ही फिल्म मोबाइलवर पाठवून दिली. बाजा न लावता. ती डोंगरातून शहरात आली, शहरातून पुढे गेली. कामगार खात्याचे लोक पॅकहाउसवर आले, बाहेरची कडी निघाली, भावजयीच्या उपचारांचा खर्च कंपनीला उचलावा लागला. एवढं झालं. आणि हेही झालं की पुढच्या हंगामात मुकादमाने त्या पाड्यावरची एकही बाई नेली नाही. हरसूलच्या आठवडे बाजारात बायांनी आमच्या बातमीदाराला घेरलं आणि नको नको ते बोलल्या. ती मिरच्यांची पिशवी तिथेच सोडून घरी आली. कंपनीची नोटीस आली, अब्रुनुकसानीची. मी फाउंडेशनला विचारलं, वकील देता का? उत्तर आलं की कायदेशीर खर्च त्यांच्या चौकटीत बसत नाही. त्याच पत्रात पुढे होतं की या वर्षापासून त्यांचा भर हवामानबदलावर असणार आहे, आणि आमच्याबरोबरचा प्रवास फार समृद्ध करणारा होता.

कॅमेरावाला लग्नांचं शूटिंग करायला गेला. आम्ही भाड्याची जागा सोडली. कॉलनीतल्या बुद्धविहारामागची खोली तिथल्या मंडळाने दिली, तिथे बसतो. हरसूलकरीण दिवसा दुसरीकडे काम करते आणि जमेल तेव्हा बातमी पाठवते. नोटिशीचं एक ओळखीचा वकील बघतो, फी न घेता, आणि प्रत्येक तारखेला मला त्याचे उपकार आठवतात.

आणि मग यंदा फाउंडेशनचं वार्षिक पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत कागद. मधल्या पानावर, पूर्ण पानभर, भावजय. फडकं काढल्यानंतरचा तिचा चेहरा, आमच्याच फिल्ममधून घेतलेला. खाली लिहिलं होतं, तिला आवाज मिळाला. आणि कोपऱ्यात त्यांचं चिन्ह. बाई, मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. ज्या फिल्मसाठी आमचा पगार गेला, तीच फिल्म यांचं यश! तिला आवाज मिळाला म्हणे. कोणी दिला? ती तर त्या दारावर ओरडतच होती. आवाज तिचा होताच, ऐकायला कान नव्हता, आणि तो कान आम्ही झालो तेव्हा यांनी त्यात बोळा घालायला पाहिलं. मी पाड्यावर जाऊन तिला ते पान दाखवलं, म्हटलं, वहिनी, आपण यांच्यावर तक्रार करू, न विचारता फोटो छापलाय. तिने पुस्तक चांगल्या डोळ्याजवळ धरलं आणि कागदावरून हात फिरवला. म्हणाली, "कागद लय भारी हाय. यांनी हे छापायला जेवढं घातलं तेवढ्यात तुमचं किती दिस चाललं असतं?" तिने पुस्तक परत दिलं आणि कोंबड्यांना हाकलायला उठली.

त्यानंतर महिन्याभरात आमंत्रण आलं. मुंबईला परिषद. विषय, समाजपरिवर्तन घडवणाऱ्या माध्यमांना दानशूर संस्थांनी कसा हात द्यावा. वक्त्यांमध्ये मी. हरसूलकरणीला सांगितलं तर ती म्हणाली, "जा. आनि समदं बोल. जेवन बी कर तिथलं, सोडू नको."

गेले. थंडगार सभागृह, समोर सगळे देणारे, पहिल्या रांगेत तेच विश्वस्त. मी कागद नेला नव्हता. मी त्यांना साड्यांच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि या वेळी पुढचंही सांगितलं, सातपूरहून आलेली ती बाई रिकाम्या हाताने परत गेली इथपर्यंत. म्हटलं, आम्हाला तुमचे पैसे लागतात, यात मला लाज नाही. माझ्या बाईंना लाज वाटायची, आणि त्यांचा अंक मेला. पण वर्षावर्षाचे तुकडे टाकू नका. एका माणसाला खरं बोलायची सवय व्हायलाच दोन वर्षं लागतात, तेवढ्यात तुमचं ब्रीद बदलतं. आम्ही काय दाखवावं हे ठरवायला बसू नका, आणि बातमी तुमच्या भागीदाराची असेल तर खोलीतून उठून बाहेर जा. नोटीस येते त्या दिवशी बरोबर उभे राहा. फोटो काढायला आला नाहीत तरी चालेल. ज्या बाईला तुम्ही आवाज दिला म्हणता, तिने माझ्याकडे तुमच्या पुस्तकाच्या कागदाची चौकशी केली आहे. शेवटी माझा आवाज चिरकला. विश्वस्तांकडे बोट करून मी भावजयीच्या डोळ्याबद्दल बोलले. बोट करू नये हे तुम्हीच शिकवलं होतंत. केलं.

मी माइकपासून मागे सरले. आणि मग टाळ्या. एकजण उभा राहिला, मग दुसरा, मग ते विश्वस्तही उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. चहाच्या वेळी ते जवळ आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "असंच कोणीतरी आम्हाला बोलायला हवं." त्यांचा चेहरा तसाच शांत होता. आणखी तिघांनी आपापल्या परिषदांना यायचं आमंत्रण दिलं. वकिलाचं कोणी विचारलं नाही. मी येताना गाडीत खिडकीला डोकं लावून बसले होते, आणि कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत मला कळलं नाही की आपण नेमकं काय करून आलो. त्यांना शिव्या दिल्या, की त्यांचा कार्यक्रम रंगवला?

हे तुम्हाला पाठवायचं कुठे? तुमच्या खोल्या पाडून तिथे क्लासेसची इमारत झाली आहे, आणि वॉचमन पत्र उघडून बघेल तेवढंच. इथेच राहू दे. हरसूलकरणीने तिथे काय झालं ते विचारलं, तेव्हा मी तिला सांगितलं की तोंडावर बोलून आले, कोणी हूं का चूं केलं नाही. टाळ्यांचं सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, बाई. सगळं सभागृह उभं राहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं.